तेवीसपैकी तेवीस

पैकीच्या पैकी मार्क मला आयुष्यात कधी मिळाले नाहीत. माझ्या गाडीला मिळाले. २३ पैकी २३. गाडी म्हणजे २०१४ सालची टोयोटा कोरोला, १ लाख १२ हजार मैल पळालेली. मागचा बंपर एका कोपऱ्यात खरचटलेला, आणि माझ्या मुलीने तीन वर्षांपूर्वी मागच्या सीटवर सांडलेल्या आमरसाचा वास उन्हाळ्यात अजून येतो. अशा गाडीत नावाला खोट नाही, असं ज्या दुकानाने लेखी दिलं त्याचं नाव मी सांगणार नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्यांना सांगायची गरज नाही आणि कराडात राहणाऱ्यांना त्याचा उपयोग नाही.

अमेरिकेत नुसतं इंजिन ऑइल बदलून देणारी दुकानं असतात. आधी वेळ घ्यावी लागत नाही. गाडी एका दाराने आत, दुसऱ्या दाराने बाहेर. मध्ये जमिनीत खड्डा, खड्ड्यात एक माणूस, वर एक. गिऱ्हाइकाने उतरायचंसुद्धा नाही, न्हाव्यापुढे बसतो तसं मान सरळ ठेवून जागच्या जागी बसून राहायचं. पंधरा मिनिटांत जुनं ऑइल खाली, नवं वर, काचेवर पुढच्या खेपेचं स्टिकर, आणि टाटा. या सगळ्यावर एक गोष्ट मोफत असते : गाडीची २३ मुद्द्यांची तपासणी. तिचा छापील कागद हातात देतात. मी गेली नऊ वर्षं तो कागद घेतोय आणि समोरच्या कप्प्यात कोंबतोय. कप्पा लागेनासा झाला की गठ्ठा काढून टाकून द्यायचा. वाचला कधीच नव्हता. कोण वाचतं?

आप्पा वाचतात.

आप्पा म्हणजे माझे वडील. एस.टी. महामंडळाच्या कराड आगारात ३३ वर्षं काढून प्रमुख कारागीर म्हणून निवृत्त झाले. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला सुटली. आप्पांचा जन्मही त्याच सालचा, त्यामुळे महामंडळाचा विषय निघाला की ते ‘आम्ही दोघं’ असं म्हणतात. छापलेला कागद न वाचता ठेवणं त्यांच्या हाताला माहीत नाही. औषधाच्या खोक्यातली घडी ते उलगडून वाचतात. विमानात पुढच्या सीटच्या खिशातलं सुरक्षेचं कार्ड दोन्ही बाजूंनी वाचून त्यांनी सीटखाली हात घालून लाइफ जॅकेट खरंच आहे का ते पाहिलं होतं. आहे म्हणाले. हवाई सुंदरीलाही तसं कळवलं.

इथे आल्यापासून त्यांना करण्याजोगं काम नव्हतं, म्हणून त्यांनी माझी गाडी हातात घेतली. आधी पेट्रोलपंपावर उतरून नळी उचलायला निघाले. मी ओढून आणलं. न्यू जर्सीत स्वतःच्या गाडीत स्वतः पेट्रोल भरायला कायद्याने बंदी आहे, १९४९ पासून. बाकीच्या राज्यांत लोक स्वतःच भरतात. ऑरेगॉनवाले आमच्या जोडीला होते, तेही २०२३ मध्ये सुटले. आप्पांना हा कायदा पटला. ‘ज्याचं काम त्याने करावं,’ म्हणाले. मग त्यांनी ऑटोपार्टच्या दुकानातून माझ्याकरवी एअर फिल्टर आणवला, दहा मिनिटांत बसवला, आणि आगारातल्या सवयीने त्याच्या कडेवर काळ्या मार्करने तारीख आणि मैल घातले. त्यानंतर चार दिवसांनी, शनिवारी सकाळी, आम्ही ऑइल बदलायला गेलो. ऑइलही घरीच बदलू, असं त्यांचं म्हणणं होतं. पण आमच्या कॉलनीत गाडीखाली झोपलेला म्हातारा दिसला तर शेजारी आधी ॲम्ब्युलन्स बोलावतात.

आप्पा माझ्या शेजारी बसले होते. इथली शेजारची सीट उजवीकडे, म्हणजे आपल्याकडची ड्रायव्हरची. सहा आठवडे झाले तरी ते नसलेला ब्रेक दाबत होते, आणि गाडी थांबली की समाधानाने माझ्याकडे बघत होते.

दुकान त्यांना आवडलं, हे आधी नमूद करतो. खड्ड्यातला माणूस खालून ओरडतो, ‘ड्रेन प्लग टाइट!’ वरचा तेच पुन्हा ओरडतो, ‘ड्रेन प्लग टाइट, थँक यू!’ टाळकऱ्यांनी बुवांचा चरण उचलावा तसं. आप्पा खूश झाले. ‘बघ. तोंडाने बोललं की हात विसरत नाही. आमची कंडक्टरची घंटी कशाला होती? एक वाजली थांब, दोन वाजल्या चल. त्यात गप्पा नाहीत.’ मग कान देऊन म्हणाले, ‘चौदाचा पाना लावलाय.’

तेवढ्यात वरच्या कामाचा मुलगा माझ्या खिडकीशी आला. वीस-एकवीसचा असेल. हात कोपरापर्यंत काळे, एका कानात इअरफोन. दोन्ही तळव्यांवर त्याने माझा एअर फिल्टर आणला होता. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा एक्स-रे दाखवताना डॉक्टर करतात, तसा चेहरा.

‘सर, हा शेवटचा कधी बदलला होता?’

मी तोंड उघडायच्या आत त्यानेच उत्तर दिलं. ‘मला वाटतं कधीच नाही. हा फॅक्टरीतून आलेलाच आहे. हे बघा, याच्यावर अजून जपानी लिहिलेलं आहे.’

मी बघितलं. फिल्टरच्या कडेवर, पट्टी लावून ओढावी अशा सरळ शिरोरेषेखाली, आप्पांच्या अक्षरात लिहिलं होतं : ‘दि. ११, बदलला.’ खाली मैल, मराठी आकड्यांत.

आता, अमेरिकेत विकली जाणारी कोरोला बहुतेक मिसिसिपी राज्यात तयार होते, ब्लू स्प्रिंग्ज नावाच्या गावी. तिथे फिल्टरवर जपानीत कोण लिहील, हा प्रश्न त्या मुलाला पडायला हरकत नव्हती. पण त्याच्यापुढे एक टोयोटा होती आणि त्याला न वाचता येणारी अक्षरं होती. दोन अधिक दोन त्याने केले. मी आप्पांकडे बघितलं. ते अगदी शांत होते. समोरचा चुकायला लागला की आप्पा त्याला अडवत नाहीत, पूर्ण चुकू देतात. माझ्या दहावीच्या निकालापर्यंत त्यांनी हेच धोरण ठेवलं होतं.

फिल्टरचे ४२ डॉलर, पण आज ३९. मी नको म्हटलं. मग केबिन फिल्टर. नको. मग इंजिन आतून धुऊन घ्यायचं का? गिअरबॉक्सचं ऑइल? कूलंट? पंगतीत तिसऱ्यांदा जिलेबी आली की ताटावर हात आडवा धरतात, तसा मी खिडकीच्या काचेवर धरला. मुलाचं काही म्हणणं नव्हतं. तो निरोप्या होता. त्याच्या मागच्या भिंतीवर कुणीतरी त्या महिन्यात कुणी किती फिल्टर विकले त्याचा तक्ता लावला होता, आणि एका नावापुढे फारशा रेघा नव्हत्या.

शेवटी ९४ डॉलर ६० सेंट घेऊन त्याने तपासणीचा कागद दिला. माझा हात सवयीने कप्प्याकडे गेला. आप्पांनी वाटेतच तो काढून घेतला आणि चाळिशी लावली.

पहिल्या सिग्नलला ते म्हणाले, ‘हॉर्न ओके लिहिलंय.’

‘हं.’

‘वाजला कधी?’

मी आठवून बघितलं. आम्ही दोघंही पूर्ण वेळ गाडीतच होतो. खरं सांगायचं तर या गाडीचा हॉर्न मी स्वतः गेल्या वर्षभरात वाजवला नव्हता. इथे हॉर्न वाजवणं म्हणजे आईवरून शिवी देण्याच्या एकच पायरी अलीकडचं असतं.

‘खालून बघितला असेल, आप्पा. खड्ड्यातून.’

‘हॉर्न खालून वाजत नाही,’ आप्पा म्हणाले आणि त्यांनी कागदावर पेनाने एक ठिपका दिला.

घरी पोचल्यावर मला वाटलं होतं जेवायचं. आप्पांनी मला गाडी घरात घालू दिली नाही. दारातच उभी करवली, कागद बॉनेटवर ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर आमच्या स्वयंपाकघरातल्या खलबत्त्यातला बत्ता ठेवला, आणि पहिल्या मुद्द्यापासून सुरुवात केली.

ऑइल. डिपस्टिक काढली, पुसली, घातली, काढली. बरोबर खुणेवर. रंग मधासारखा. ‘काम चोख,’ आप्पा म्हणाले. त्या रात्री त्यांनी ओक ट्री रोडवरच्या वाणसामानाच्या दुकानात फुकट मिळणारा पेपर इंजिनखाली अंथरला आणि सकाळी बघितला. एक थेंब नाही. म्हणजे ज्याचे पैसे घेतले ते काम नेटकं झालं होतं. आप्पांनी ते मोकळेपणाने मान्य केलं, आणि मीही इथे करतो.

पुढचा मुद्दा वायपर. ओके. ड्रायव्हरच्या बाजूच्या वायपरचं रबर निम्म्यातून सुटून तुटलेल्या चपलेच्या अंगठ्यासारखं लोंबत होतं. पावसात महिनाभर तो काचेवर चर्रर करत होता. मला त्या आवाजाची सवय झाली होती. रेडिओचा आवाज दोन घरं वाढवला की तो ऐकू येत नाही.

इथे आप्पांना पहिल्यांदा राग आला, आणि तो राग फसवल्याचा नव्हता. ‘अरे, चार दिवसांचा फिल्टर विकायला आणला! आणि हे विकायचं सोडून ओके लिहिलं? मी घेतला असता! तिथल्या तिथे घेतला असता!’ त्यांना त्या दुकानाच्या नुकसानीचं वाईट वाटत होतं. वायपर त्यांच्याकडे विकायला होते, मागच्या भिंतीवर टांगलेले मी स्वतः बघितले होते. खोटं बोलून धंदा करतात हे आप्पांनी कराडात पुष्कळ बघितलंय. पण खरं बोलून धंदा होत असताना तोही करायचा नाही, हे त्यांना नवीन होतं.

टायर. चारही टायरच्या हवेपुढे एकच आकडा लिहिला होता. आप्पांनी बॉनेटवरचा बत्ता घेतला आणि एकेका टायरवर मारत गाडीला प्रदक्षिणा घातली. टण. टण. टण. मागचा उजवा : भद्द. पलीकडचा शेजारी, जो एरवी फक्त हात हलवतो, तो आज हात न हलवता बघत राहिला. मी गॅरेजमधून हवेचं मीटर शोधून आणलं. भद्द टायरमध्ये आठ पौंड हवा कमी होती.

‘आणि तुझ्या गाडीत काही दिवा वगैरे लागत नाही का?’ आप्पांनी विचारलं.

लागतो. चार दिवस लागला होता. वाटीत उद्गारचिन्ह ठेवल्यासारखं ते पिवळं चित्र असतं ना, तेच. अमेरिकेत २००८ पासूनच्या सगळ्या नव्या गाड्यांना ते कायद्याने सक्तीचं आहे. हवा पाव हिश्श्याने उतरली की ते पेटलंच पाहिजे. ते आपलं कर्तव्य बजावत होतं. मी त्याला डॅशबोर्डवरची शोभा समजत होतो. आणि तो मुलगा खिडकीतून वाकून मैल वाचत असताना ते त्याच्या नाकासमोर पेटलेलं होतं.

‘मग हा आकडा आणला कुठून?’ आप्पा म्हणाले आणि त्यांनी माझं दार उघडलं. दाराच्या खांबावर कंपनीने चिकटवलेली पट्टी असते, त्यावर हवा किती भरावी ते छापलेलं असतं. तोच आकडा. टायरची हवा नव्हे, दाराची हवा लिहिली होती.

बाकीचे मुद्दे मी पटापट सांगतो, कारण जेवण गार होत होतं. दिवे खरंच तपासले होते. मला डावा, उजवा, ब्रेक असं करायला लावलं होतं, ते मला आठवत होतं. काच धुवायचं निळं पाणी काठोकाठ भरलेलं होतं. गिअरबॉक्सचं ऑइल ओके होतं, फक्त माझ्या गाडीच्या गिअरबॉक्सला ते बघायची डिपस्टिकच नाही. आणि मग आला सतरावा मुद्दा. पॉवर स्टिअरिंगचं ऑइल : फुल्ल.

आप्पांनी बॉनेटखाली डोकं घातलं. बराच वेळ काढलं नाही. मग मॅन्युअल मागितलं. हे मॅन्युअल उघडणारे आमच्या घरातले ते पहिलेच. (त्यातच त्यांना असंही सापडलं की या गाडीत घालतात ते ऑइल १० हजार मैल किंवा वर्षभर चालतं. काचेवरचं स्टिकर मला ३ हजार मैलांनी बोलावत होतं. नऊ वर्षांचा हिशेब त्यांनी तिथल्या तिथे तोंडी केला. तो आकडा मी बायकोला सांगितलेला नाही.) तर मॅन्युअल वाचून आप्पा म्हणाले, ‘या गाडीचं स्टिअरिंग विजेच्या मोटरवर आहे.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे तिथे ऑइल नसतं. टाकी नाही, पाइप नाही, पंप नाही. काहीच नाही. आणि ते फुल्ल आहे.’

जेवताना कागद ताटाशेजारी होता. आप्पांनी मला त्या बरोबरच्या खुणा दाखवल्या. पहिल्या तीन सुट्या, ठसठशीत, प्रत्येकीला स्वतःचं वळण. चौथीपासून पेन कागदावरून उचललेलंच नव्हतं. शेपट्या लांबत गेलेल्या, सगळ्या एकाच अंगाला कललेल्या, वाऱ्यावरच्या बाजरीसारख्या. ‘वीस खुणा एका दमात मारल्यात,’ आप्पा म्हणाले. ‘उभ्याने. मांडीवर कागद धरून.’

‘हे तुम्हाला कसं कळतं, आप्पा?’ सूनबाईंनी विचारलं.

‘कळतं,’ आप्पा म्हणाले आणि त्यांनी ताक मागितलं.

मी विषय मिटवायचा प्रयत्न केला. म्हटलं, तसं काळजीचं कारण नाही, पुढच्या वर्षी गाडीची सरकारी तपासणी आहेच. इथे दर दोन वर्षांनी सरकारी केंद्रावर गाडी न्यावी लागते आणि काचेवर स्टिकर मिळतं. आप्पांचा चेहरा उजळला. सरकार म्हटल्यावर त्यांना माहेरचं माणूस भेटल्यासारखं होतं. ‘मग ते ब्रेक बघत असतील.’ मी गप्प बसलो, कारण ते ब्रेक बघत नाहीत. २०१० पासून न्यू जर्सीने साध्या मोटारींची यांत्रिक तपासणी बंद केली. आता एक वायर गाडीच्या कॉम्प्युटरला जोडतात, धुराचं प्रदूषण ठीक आहे म्हणून सांगतात, आणि जा म्हणतात. ब्रेक, वायपर, हॉर्न, टायर ज्याचे त्याने बघायचे. आप्पांनी हे दोनदा विचारून खात्री करून घेतली.

‘म्हणजे पेट्रोल स्वतः भरायला बंदी,’ ते सावकाश म्हणाले, ‘आणि ब्रेक आपले आपण बघायचे.’

‘आप्पा, फुकटची तपासणी आहे हो,’ बायको म्हणाली. ‘जाऊ द्या ना.’

‘फुकट असू दे. मग लिहू नये. लिहिलं की फुकट राहत नाही. त्या गाडीत नात बसते आमची.’

रविवारी दुकान उघडल्या उघडल्या आम्ही हजर. मॅनेजर अत्यंत सभ्य होता. आप्पांनी कराडहून आणलेल्या इंग्रजीत, पण न अडखळता, वायपरपासून सुरुवात केली. इंजिनाच्या भागांना मराठीत नावंच नसल्यामुळे मेकॅनिकचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं असतं. मॅनेजर प्रत्येक वाक्यावर मान हलवून म्हणत होता, ‘आय हिअर यू.’ ही इथल्या सौजन्याची एक खास तऱ्हा आहे. तुमचं ऐकू आलं, एवढंच त्यात कबूल केलेलं असतं. टायरबद्दल तो म्हणाला, काल भरली असेल, रात्रीत उतरली असेल. हे शक्य नव्हतं, दिवा कालच त्याच्या दुकानात पेटलेला होता. वायपरबद्दल म्हणाला, ते बघणाऱ्याच्या मतावर असतं. आप्पांनी लोंबणारं रबर दोन बोटांत धरून त्याच्यापुढे केलं आणि मत विचारलं. मग त्याने मला पुढच्या वेळी दहा डॉलर सवलतीचं कुपन दिलं.

आप्पांनी ते कुपन माझ्याकडे दिलं आणि म्हणाले, ‘सर, वन मिनिट. शो मी पॉवर स्टिअरिंग ऑइल.’

मॅनेजरने बॉनेट उघडलं. बघितलं. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. खिशातली बॅटरी काढून खाली मारली. मग सरळ उभा राहून, चेहऱ्यावरची सभ्यता तसूभर न ढळू देता, तो म्हणाला :

‘वेल सर, ते कमी तर नाहीये ना.’

आप्पांनी त्याच्याकडे आदराने बघितलं. ३३ वर्षं सरकारी खुलासे वाचलेल्या माणसाला चांगला खुलासा कळतो. त्या वाक्यानंतर ते मॅनेजरशी एक शब्द बोलले नाहीत. कालचा मुलगा मागे दुसऱ्या गाडीखालून काढलेलं ऑइल पुसत होता. आप्पांनी त्याला बोटाने बोलावलं, माझ्या गाडीचं दार उघडलं आणि आत बसायची खूण केली. पोरगं बिचकत बसलं. आप्पांनी स्टिअरिंगच्या मध्यभागी बोट दाखवलं.

‘प्रेस.’

मुलाने मॅनेजरकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान डोलावली. त्याने दाबलं.

पत्र्याच्या छपराखाली तो आवाज असा काही दणाणला की खड्ड्यातून एक डोकं वर आलं, कॉफीच्या मशीनपाशी उभ्या बाईने कप सोडला आणि तिन्ही रांगांतल्या गाड्यांमधल्या माणसांनी एकदम माना वळवल्या. बारा महिने कोंडलेला हॉर्न होता तो.

‘नाऊ,’ आप्पा म्हणाले आणि त्यांनी कागदावरच्या हॉर्नच्या चौकोनाशी आपलंच पेन मुलाच्या हातात दिलं, ‘ओके.’

मुलाने खूण केली. कालच्या खुणेवरच, पण सुटी.

परतीच्या वाटेवर मी जरा चिडलोच होतो. एवढा तमाशा हॉर्नसाठी? टायर राहिला, वायपर राहिला, आणि हॉर्न तर चांगला होता! आप्पा बराच वेळ बाहेर बघत बसले. मग बोलायला लागले ते कराडच्या बोलीत. त्यांचं मन आगारात गेलं की भाषा आधी जाते.

चौऱ्याऐंशी की पंच्याऐंशीचं गणपती. कोकणच्या जादा गाड्या. एका रात्रीत आगारातून ज्या सुटायच्या त्या तिप्पट. वर्कशॉपात माणसं तेवढीच. पाऊस असा की दिवा लावून पाना शोधायचा. आप्पांच्या हातात तपासणीचे कागद, आणि बाहेर वाहतूक नियंत्रक ओरडतोय, ‘गाडी सोडा, गाडी सोडा.’ ‘पहिल्या चार-पाच गाड्या मी बघितल्या,’ आप्पा म्हणाले. ‘मग कागदच बघितले.’ मांडीवर धरून, उभ्याने, एका दमात.

त्यातली एक गाडी पाटण, कोयना करत कुंभार्ली घाटाने चिपळूणला गेली. रात्री दोनला घाटात, धुक्यात, पहिल्या वळणावर ड्रायव्हरने हॉर्न दाबला. मुका. उलटी फिरवायला जागा नाही, मागे रांग. मग कंडक्टर पावसात दारात लटकला आणि चिपळूणपर्यंतच्या प्रत्येक वळणाला त्याने तळहाताने गाडीचा पत्रा बडवला. आतली माणसं समजली, गणपतीची गाडी, कंडक्टर रंगात आलाय, म्हणून त्यांनी टाळ्या धरल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी परत आली. ड्रायव्हर वर्कशॉपात आला, ओरडला नाही. आप्पांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना केबिनमध्ये चढवलं, स्वतःच्या सीटवर बसवलं आणि म्हणाला, ‘मिस्त्री, वाजवा की.’

आप्पांनी दाबला. काही नाही.

‘कागदावर वाजतोय व्हय?’ ड्रायव्हर म्हणाला. मग त्याने आप्पांना चहा पाजला. कंडक्टरचा हात सुजला होता, तो चहा डाव्या हाताने प्यायला. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत आप्पा कुठल्याही गाडीचा हॉर्न आधी वाजवायचे आणि मग बॉनेट उघडायचे. पहाटे पाचलासुद्धा. आगारामागच्या वस्तीतून महामंडळाला अर्ज गेले होते.

‘पोरगं वाईट नाही ते,’ आप्पा म्हणाले. ‘हात चांगलाय त्याचा. ड्रेन नट बघितलास ना, आटा न दुखवता आवळलाय. इथे घाट नाही, एवढंच.’

वायपर आम्ही त्याच दिवशी ऑटोपार्टच्या दुकानातून आणला, १९ डॉलरला, आणि आप्पांनी दुकानाच्या आवारातच बसवला. टायरमध्ये खिळा निघाला. नोव्हेंबरात आप्पा कराडला परत गेले. जाताना विमानातलं कार्ड पुन्हा वाचलं, म्हणजे आधीचं विमान आणि हे विमान वेगळं आहे म्हणून.

जानेवारीत कुपन घेऊन मी एकटाच ऑइल बदलायला गेलो. १० हजार मैल झाले नव्हते, पण दहा डॉलर वाया घालवणं आमच्या घरात बसत नाही. तोच मुलगा होता. मला नाही, गाडीला ओळखलं. खिडकीतून हात घालून आधी हॉर्न वाजवला, दचकलेल्या शेजारच्या गिऱ्हाइकाला सॉरी म्हणाला, आणि मग कामाला लागला. फिल्टर दाखवायला आणला नाही. कागद मी तिथेच बसून वाचला आणि त्याचा फोटो आप्पांना पाठवला.

२३ पैकी २३. पॉवर स्टिअरिंगचं ऑइल अजून फुल्ल आहे.